कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एका कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा परिपाठ वाचकांस ठाऊक आहेच. या पानांतून आजवर बहुधा विद्वान, अधिकारी व दानशूर यांची चरित्रे येत गेली. यंदा आम्ही मुद्दाम एका अल्पशिक्षित कारागिराचे चरित्र निवडले आहे. ज्या घरांतून करवत, रंधा व पटाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या आपल्या घरांतच आज मुलगा परीक्षेत नापास झाला की त्यास सुतारकामास लावू, असे शिक्षा सुनावल्याप्रमाणे बोलले जाते. शिक्षकी पेशात आमचे आयुष्य गेले. परीक्षेचे महत्त्व आम्ही जाणतो. तथापि हातातील कसब ही नापासांसाठी राखून ठेवलेली जागा आहे, हा समज आम्हांस कधीच मान्य झाला नाही. कै. बाबूराव पेंटर यांस आम्ही आपले म्हणतो ते ज्ञातीचा दाखला पाहून नव्हे, तर त्यांच्या हातांतील हत्यारे पाहून.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरास झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम व चित्रकाम अशा नाना कामांत वाकबगार होते. घरातच लाकूड, लोखंड, माती व रंग अशी चार शास्त्रे नांदत असल्यामुळे मुलास निराळ्या कलाशाळेची गरज भासली नाही. शालेय शिक्षण बेताचेच झाले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण तर मुळीच झाले नाही. लोकांनी त्यांस धंद्यावरून पेंटर म्हणावयास सुरुवात केली आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून तेच कायम झाले. कोल्हापुरात तेव्हा छत्रपती शाहू महाराजांचा अंमल होता. गानसम्राट अल्लादियाखाँसाहेब, चित्रकार आबालाल रहिमान यांच्यासारख्या गुणिजनांस त्या नगरीत आश्रय होता, आणि मल्लांस तर होताच. गुणी मुलाने डोळे उघडे ठेवून हिंडावे, एवढाच अभ्यासक्रम पुरेसा होता.

नात्यातील वडील बंधू आनंदराव पेंटर हे बाबूरावांचे खरे गुरू आणि सहकारी. या दोघांनी साधारणपणे १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे व गुजराती-पारशी कंपन्यांचे पडदे रंगविले आणि पश्चिम हिंदुस्थानात या कामी अग्रगण्य म्हणून नाव मिळविले. ज्यांनी जुनी संगीत नाटके पाहिली नाहीत अशा तरुण वाचकांसाठी सांगावयास हवे की, त्या काळी राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य ही सर्व स्थळे कापडावर रंगविलेली असत. पडदा गुंडाळला की द्वारका नाहीशी होई आणि दुसरा सोडला की दंडकारण्य उभे राही. चितारी कितीही निष्णात असला तरी वाऱ्याची झुळूक आली की राजवाड्याचे दगडी खांब लाटेसारखे हलत. प्रेक्षक हसत नसत, कारण त्यांना सवय झालेली होती. परंतु सुताराच्या मुलास हलणारा खांब डाचल्यावाचून कसा राहील? बाबूरावांच्या पुढील आयुष्याची दिशा आम्हांस या हलणाऱ्या खांबापाशीच वळलेली दिसते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट प्रसिद्ध झाला. तो पाहून या दोघा बंधूंचे भान हरपले. त्यांनी मुंबईच्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले, चित्रपट दाखविण्याचा उद्योग आरंभिला आणि यंत्राचा अभ्यास केला. आता चित्रे घेण्याचा कॅमेरा हवा होता. तो विलायतेचा, किंमत भारी आणि महायुद्धामुळे मिळणे दुरापास्त. तेव्हा आपणच करावा असे ठरले. हे साहस किती मोठे होते, याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. चलत्‌चित्राच्या कॅमेऱ्यात फीत सरसर ओढली जाते असे आपणांस वाटते, परंतु तसे नसते. ती सेकंदास सोळाच्या सुमारास वेळा थांबते आणि तितक्याच वेळा पुढे सरकते. ती थांबेल त्याच क्षणी झडप उघडली पाहिजे आणि सरकू लागताच मिटली पाहिजे. फितीच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांत अडकणारे दाते सुतभरही इकडेतिकडे झाले तर फीत फाटते, नाहीतर पडद्यावर माणसांचे चेहरे थरथरू लागतात. हे सर्व हाताने दांडा फिरवून साधावयाचे. ज्यांच्यापाशी यंत्रशाळेची पदवी नाही, अशा दोघा चिताऱ्यांनी हे काम अंगावर घेतले होते.

दुर्दैवाने १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. त्या वेळी बाबूराव अवघे सव्वीस वर्षांचे होते. गुरू गेला, भागीदार गेला आणि यंत्र अर्धवट राहिले. परंतु पेणहून आलेले विष्णुपंत दामले हे शिष्य त्यांच्या हाताशी होते. या गुरुशिष्यांनी काम सोडले नाही. तुकडे घडवावे, बसवावे, बिघडले की पुन्हा घडवावे, असे करीत १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. कोल्हापूरच्या गल्लीत घडविलेल्या त्या कॅमेऱ्याने पुढे चित्रपट घेतले गेले आणि ते लोकांनी पैसे देऊन पाहिले. आपल्या तरुणांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कॅमेरा झाला तरी भांडवल कोठले? पेढीवाल्यांस पडद्यावर नाचणाऱ्या सावल्यांवर कर्ज देण्याची बुद्धी होत नव्हती. अशा वेळी कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला. महायुद्ध संपता संपता महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. प्रतिष्ठितांनी जेथे हात आखडता घेतला तेथे एका गाणाऱ्या बाईने हात सैल सोडला, ही गोष्ट चरित्रकार बहुधा एका ओळीत उरकतात. आमच्या मते तिला यापेक्षा अधिक मान हवा.

कंपनीचा पहिला मोठा चित्रपट 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. कथा महाभारतातील, परंतु निवड किती मार्मिक होती पाहा. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या घरी दासी झाली आहे, महाबली भीम तेथे स्वयंपाकी आहे, आणि राजाचा मेहुणा कीचक त्या दासीवर डोळा ठेवून आहे. राणीने दुसऱ्याच्या घरी वेणीफणी करावी आणि वीराने चुलीपुढे बसावे, अशी ही पुराणातील असूनही घरगुती कथा आहे. शिवाय तिला आणखी एक धार होती. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातलेली होती. कीचकात लोकांस कोण दिसत होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या चित्रपटात बाबूरावांनी दोन मोठे पालट केले. पहिला असा की, रंगविलेले पडदे काढून टाकून त्यांनी भरीव देखावे उभे केले. खांबास घेर आला, भिंतीस जाडी आली, दारास बिजागरी आली. माणूस खांबाआडून येऊ शके, खांबास टेकू शके, त्याची सावली खांबावर पडे. त्या काळच्या फितीवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळे आकाश पांढरे पडे, यामुळे रंगाच्या जाणकारासही सर्व नव्याने शिकावे लागे. बाबूराव देखाव्यांची व पोशाखांची चित्रे आधी कागदावर काढीत आणि मग सुतार, शिंपी, नट या सर्वांकडून त्याबरहुकूम काम करवून घेत. विराटनगरी कोणी पाहिली आहे? तरीही पाहणाऱ्यास ती राहती वाटावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. देवादिकांचे जग उभे करताना त्यांनी मोजमाप मात्र आपल्या वाड्याओसरीचेच वापरले. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्यांच्या कलेचे मर्म येथेच आहे.

दुसरा पालट म्हणजे स्त्रीभूमिका स्त्रियांना दिल्या. फाळक्यांच्या 'हरिश्चंद्रा'त तारामतीचे काम पुरुषाने केले होते. त्यानंतर लवकरच त्यांच्या चित्रपटात स्त्रिया आल्या हे खरे, पण लोकांचा दृष्टिकोण फारसा बदललेला नव्हता. 'सैरंध्री'त गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी कामे केली. पडद्यावर त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. याची शिक्षा म्हणून त्यांच्या ज्ञातीने त्यांस दूर लोटले आणि त्यांस कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही हकीकत छापली जावी, असा आम्ही आग्रह धरला. ज्ञातीने विद्यार्थ्यांस दिलेल्या पारितोषिकांची यादी आपण दरवर्षी छापतो. ज्ञातींनी कोणाकोणास घराबाहेर काढले, त्याची यादी कोणत्याच स्मरणिकेत नसते. पडद्यावर द्रौपदीच्या अपमानाने कळवळणारे लोक पडद्याबाहेर त्याच खेळातील बायांस वाळीत टाकीत होते, आणि यातली विसंगती त्यांच्या ध्यानातही येत नव्हती.

कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब साधला की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठत आणि पुढे तो भाग वगळावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांस सुवर्णपदक व सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांनी लोकमान्य निवर्तले.

पुढील चार-पाच वर्षे भरभराटीची गेली. त्यांचा सर्व आढावा घेण्यास जागा नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून १९२३ साली 'सिंहगड' निघाला. त्यात शिवछत्रपतींची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली आणि रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर चित्रपट घेणारे सूर्यनारायणावर अवलंबून असत. त्याच साली मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला; 'सिंहगड'ला लोटलेली गर्दी पाहून सरकारास ही बुद्धी सुचली, असे जुने लोक सांगत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'स विलायतेतील वेम्ब्ले प्रदर्शनात पदक मिळाले. जाहिरातीची मोठाली रंगीत चित्रे बाबूराव स्वतः काढीत आणि छायाचित्रांसह माहितीच्या पुस्तिका वाटीत. रस्त्यावरून जाणाऱ्या हमालासही क्षणभर थांबावेसे वाटेल, असे चित्र भिंतीवर लागले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती.

आता आम्ही ज्या चित्रपटासाठी हे चरित्र लिहावयास घेतले, त्याकडे वळतो. १९२५ साली बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. देव नाही, राजा नाही, किल्ला नाही, तलवार नाही. एक शेतकरी आहे आणि एक सावकार आहे. कागदाच्या फासात शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहराची वाट धरून गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचे काम तरुण शांताराम वणकुद्रे यांनी केले. तेच पुढे व्ही. शांताराम म्हणून जगप्रसिद्ध झाले. सावकार झाले होते झुंझारराव पवार.

हा विषय आपल्या प्रांतास नवा नव्हता. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र व वह्या हिसकावून जाळल्या आणि तो वणवा गावोगाव पसरला. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरीही पन्नास वर्षांनंतर कोऱ्या कागदावर अंगठा देणारी माणसे होतीच. केवळ शेतकरीच कशाला? मुलीच्या लग्नापायी रंधे-करवतींची पेटी गहाण टाकणारे कारागीर आपल्या घरांतूनही होऊन गेले, वडीलधाऱ्यांस विचारावे.

बाबूरावांनी ही कथा सांगण्यासाठी काय केले? विराटाचा वाडा उभा करताना जी नजर लावली, तीच नजर शेतकऱ्याच्या झोपडीस लावली. अंधारात बुडालेली झोपडी, अगदी थोडा उजेड आणि विव्हळणारे एक कुत्रे. एवढ्यावर त्यांनी घराचे सारे दैन्य दाखविले. ज्यांनी हा चित्रपट पाहिला त्यांतील जाणकारांस हे दृश्य उतारवयातही विसरले नाही. मूकपटात कुत्र्याचा आवाज येत नाही. तरी पाहणाऱ्यास तो ऐकू आला असला पाहिजे, असे त्यांच्या आठवणींवरून वाटते. पुराणकथेत घरातील खांब आणावयाचे आणि घरातील दुःखास पुराणकथेची उंची द्यावयाची, हे दोन्ही त्या एकाच हातास साधले.

आणि लोकांनी पाठ फिरविली! 'सैरंध्री'स गर्दी करणारे, 'सिंहगड'ला गाड्या जुंपून येणारे प्रेक्षक 'सावकारी पाशा'स तितके आले नाहीत. याबद्दल प्रेक्षकांस दोष देण्याची टीकाकारांची रीत आहे. आम्हांस तसे सरसकट करवत नाही. ज्याच्या घरी दिवसा सावकाराचा माणूस येऊन उभा राहतो, त्याने संध्याकाळी पदरचे दोन आणे मोडून पुन्हा त्याच सावकाराचे तोंड पाहावे, ही अपेक्षा थोडी कठोरच आहे. त्यास कृष्ण हवा होता, भीम हवा होता. निदान पडद्यावर तरी दुष्टाचे निर्दालन व्हावयास हवे होते. परंतु बाबूरावांच्या बाजूने पाहिले तर हा घाव मोठा होता. आपण घडविलेली सर्वांत खरी वस्तू विकली जात नाही, हे दुःख कारागिरास निराळे समजावून द्यावे लागत नाही. ते पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळले. १९२७ सालचा 'मुरलीवाला' हा त्यांपैकीच. तरीही तो विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता. बोलपटाचे युग आल्यावर १९३६ साली त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला. एकदा तोटा सोसलेला विषय अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेणारा मनुष्य केवळ धंदेवाईक नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागते.

कंपनीत उत्तरोत्तर कुरबुरी वाढल्या. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे शिष्य बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साह्याने त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूस याचे दुःख झाले नसेल असे म्हणवत नाही. १९३० साली 'लंका' हा चित्रपट काढून बाबूरावही त्या कंपनीतून मोकळे झाले, आणि लवकरच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पण विद्या बंद पडली नाही. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' आमच्या पिढीने किती वेळा पाहिला असेल, याची गणती नाही. त्यात आवलीची म्हैस आहे, शेणाच्या गोवऱ्या आहेत, रिकामे डबे आहेत, आणि शेवटी त्याच अंगणावरून वैकुंठाचे विमान जाते. म्हैस आणि विमान यांत कोणासही विसंवाद वाटत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा १९३७ साली गौरव झाला. तो पाहताना आम्हांस तरी पडद्यामागे उभे असलेले मेस्त्रींचे घर दिसते.

बोलपटाच्या काळात बाबूरावांनी 'उषा', 'प्रतिभा', 'रुक्मिणी स्वयंवर' असे काही चित्रपट केले. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'चे दिग्दर्शन त्यांनी व शांतारामांनी मिळून केले. १९५२ चा 'विश्वामित्र' हा शेवटचा. पूर्वीचे वैभव मात्र परत आले नाही. मधल्या काळात ते पुन्हा रंग आणि मातीकडे वळले होते. देवदेवतांची व स्त्रीजीवनाची त्यांची तैलचित्रे रसिकांस परिचित आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली बसविलेला शिवछत्रपतींचा पुतळा त्यांच्याच हातचा. ज्यांनी एकदा पडद्यावर महाराजांचे रूप घेतले होते, त्यांनीच बावीस वर्षांनी ते रूप घडविले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरासच त्यांचे देहावसान झाले.

कोल्हापुरास जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी अंबाबाईचे दर्शन झाल्यावर थोडी वाट वाकडी करून खरी कॉर्नर येथे जावे. महाराष्ट्र फिल्म कंपनी जेथे होती तेथे आज कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे. बाबूरावांच्या मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक राहिले आहेत. १९२५ चा 'सावकारी पाश' त्यांत नाही. झोपडी आणि कुत्रे यांची हकीकत आता पाहणाऱ्यांनी लिहून ठेवली तेवढीच उरली आहे.